बिनटोकाचं सूत

सोलापुरात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलंय: बॅक्टेरियाचा डीएनए गोल असतो हे शाळेपासून पाठ आहे, पण गोल का? गोल असल्याने फरक काय पडतो? प्लास्मिड, म्हणजे मुख्य डीएनएशिवायचं छोटं कडं, नसलं तरी जिवाणू जगतो, मग तो ते सांभाळतो कशाला? माणसात असा गोल डीएनए असतो का? आणि प्रॅक्टिकलला एकच प्लास्मिड काढलं तरी जेलवर (डीएनए आकारानुसार वेगळा करणाऱ्या थरावर) तीन पट्टे आले, आमचं काय चुकलं? शेवटी तिने लिहिलंय, "वडील यंत्रमागावर आहेत. सोपं करून सांगितलंत तर घरीही सांगता येईल."

तुझी ती शेवटची ओळ वाचून बरं वाटलं. डीएनएच्या गोलपणाची सगळी भानगड पिळाची आहे, आणि पीळ म्हणजे काय हे यंत्रमागावरच्या माणसाला मी काय सांगणार! मी बावीस वर्षं इथल्या एका लॅबमध्ये कल्चरच्या टेबलावर आहे. लघवी, रक्त, पू यांतले जंतू वाढवायचे आणि त्यांना कोणतं औषध लागू पडतं ते बघायचं, हा रोजचा धंदा. तेव्हा उत्तरही त्या टेबलावरूनच येईल.

आधी 'गोल' या शब्दाचं बघू, कारण तो फसवतो. पुस्तकातल्या आकृतीत डीएनए बांगडीसारखा काढतात आणि मुलं जन्मभर बांगडीच डोळ्यापुढे धरतात. गोल म्हणजे इतकंच की त्याला टोक नाही. सुताची लांब लड घे, दोन टोकं एकमेकांना बांध आणि ती लड मुठीत कोंब. टोक कुठेच नाही, पण गोल आकारही कुठे दिसत नाही. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या डीएनएत सुमारे ४६ लाख बेसजोड्या, म्हणजे अक्षरांच्या जोड्या, असतात. तो सरळ केला तर दीड मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त भरतो, आणि जंतू स्वतः जेमतेम दोन मायक्रॉन लांब. म्हणजे स्वतःच्या लांबीच्या सातआठशे पट लांब दोरा पोटात घेऊन तो वीस मिनिटांत दुप्पट व्हायचं म्हणतो.

गोल आहे हे कळलं त्याची गोष्टही मजेची आहे. पॅरिसमध्ये वोलमन आणि जेकब यांनी दोन जिवाणूंची जोडी जमू दिली आणि ठराविक मिनिटांनी त्यांना मिक्सरमध्ये घालून तोडलं. जितका वेळ जास्त, तितकी जास्त जनुकं पलीकडे गेलेली. त्यावरून जनुकांचा क्रम कळला. पण वेगवेगळ्या वाणांत सुरुवात वेगवेगळ्या जनुकापासून व्हायची, काहींत उलट्या दिशेने, आणि तरी प्रत्येक जनुकाचे शेजारी तेच. आपली सिटी बस एक दिवस सात रस्त्यावरून सुटली, दुसऱ्या दिवशी आसऱ्यावरून, आणि थांब्यांचा क्रम मात्र बदलला नाही, तर मार्ग फेरीचा आहे हे आपण नकाशा न बघता ओळखू. तसंच ते. मग १९६३ मध्ये जॉन केर्न्सने किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएचा एक घटक) खाऊ घातलेले जंतू अगदी हलक्या हाताने फोडले, त्यांचा डीएनए फोटोच्या फिल्मवर आठवडेच्या आठवडे ठेवला आणि त्या बंद दोऱ्याचा माग प्रत्यक्ष दाखवला.

आता 'का'. उत्तर टोकात आहे. डीएनएला टोक असलं की दोन दुखणी लागतात. पहिलं असं की प्रत काढणारा पॉलिमरेज कोऱ्या जागेवरून सुरुवात करू शकत नाही. त्याला आरएनएचा छोटा तुकडा, प्रायमर, आधी बसवून द्यावा लागतो. मधल्या प्रायमरच्या जागा नंतर भरून निघतात, पण अगदी टोकाचा प्रायमर काढला की तिथे भरायला मागून कोणी येत नाही. दर प्रतीला दोरा थोडा आखूड होतो. आपल्या पेशींनी यावर उपाय म्हणून टोकांना टीटीएजीजीजी हे अक्षरांचं पालुपद हजारो वेळा लावून ठेवलंय, म्हणजे झिजलं तर ते झिजेल. शिवाय टेलोमरेज नावाचं एन्झाइम काही पेशींत ते पुन्हा वाढवतं. या शोधाला २००९ चं नोबेल मिळालं.

दुसरं दुखणं जास्त तातडीचं आहे. पेशीच्या नजरेत डीएनएचं मोकळं टोक म्हणजे एक तर कुठेतरी दोरा तुटलाय, नाहीतर परका कोणी आत घुसलाय. ई. कोलायमध्ये आरईसी-बीसीडी नावाचं यंत्र मोकळं टोक दिसलं की तिथून डीएनए कुरतडत सुटतं. लॅम्डा हा विषाणू हे चांगलं ओळखून आहे. त्याचा ४८,५०२ बेसजोड्यांचा डीएनए कवचात सरळ असतो, पण दोन्ही टोकांना १२-१२ अक्षरांच्या एकमेकींना चिकटणाऱ्या शेपट्या असतात. जिवाणूच्या आत शिरला की टोकं जुळतात, सांधली जातात आणि गडी गोल.

टोकच ठेवलं नाही तर दोन्ही प्रश्न मिटले. जिवाणूंनी ते केलं.

सगळ्यांनी मात्र नाही, तेव्हा परीक्षेत 'सर्व जिवाणूंचा डीएनए गोल असतो' असं लिहू नकोस. लाइम रोगाचा बोरेलिया सरळ डीएनए बाळगतो आणि टोकं केसपिनेसारखी दुमडून बंद करतो. मातीतला स्ट्रेप्टोमायसिस, ज्याच्यापासून स्ट्रेप्टोमायसिन आलं, तोही सरळवालाच. तो टोकांना प्रथिनाची टोपी घालतो. उलट बाजूने, माणसाचं एखादं गुणसूत्र अपघाताने टोकं गमावून कडं बनतं, तेव्हा मुलाला फिट्स किंवा वाढीच्या तक्रारी होऊ शकतात. अंडं-शुक्राणू तयार होताना आपली गुणसूत्रं जोडीने तुकड्यांची देवाणघेवाण करतात. दोन कड्यांनी एका जागी अशी अदलाबदल केली की त्यांचं मिळून एकच मोठं कडं होतं आणि मग ते दोघांत वाटता येत नाही. जिवाणूला ती वाटणी करायचीच नसते.

पण टोक सोडलं की पीळ गळ्यात पडतो. इथे वडिलांना बोलाव.

दोन पदरी सूत घ्या. एक टोक मोकळं असेल आणि मधूनच दोन पदर ओढून वेगळे केले तर पुढचा पीळ मोकळ्या टोकाकडे सरकतो, टोक गरगर फिरतं आणि सूत उलगडत जातं. आता तेच सूत दोन्ही टोकांना घट्ट बांधा आणि मधोमध पदर वेगळे करा. पुढचा भाग कडक होतो, मग त्यावर गुंडाळ्या पडतात, आणि शेवटी गाठीसारखा गोळा होऊन पुढे काही जात नाही. मागावर जास्त पिळाचं सूत ढिलं पडलं की ते स्वतःभोवती जे वेटोळं घालतं, तेच हे. जीवशास्त्रात त्याला सुपरकॉइल म्हणतात. मी वर्गात 'पिळावर पीळ' म्हणायचे. विनोग्राड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये पॉलिओमा विषाणूच्या गोल डीएनएत हे पहिल्यांदा ओळखलं.

हिशेब करून बघ. साधारण साडेदहा बेसजोड्यांना एक वेढा. ४६ लाखांत सुमारे ४ लाख ४० हजार वेढे. प्रत काढायची म्हणजे यातला एकूण एक वेढा सोडवला पाहिजे, कारण एक जरी राहिला तरी दोन्ही मुली, म्हणजे नव्या प्रती, एकमेकींत अडकलेल्या राहतील. कामाला ओरीसी नावाच्या एका जागी सुरुवात होते आणि दोन यंत्रं दोन दिशांनी निघतात, प्रत्येक सेकंदाला साधारण हजार अक्षरांच्या वेगाने. चाळीसेक मिनिटांनी ती पलीकडे भेटतात. हजार भागिले साडेदहा, म्हणजे सेकंदाला पंच्याण्णव वेढे, मिनिटाला साडेपाच हजारांवर. घरातल्या कुठल्याही पंख्यापेक्षा वेगाने दोरा फिरायला हवा, आणि फिरायला तर टोकच नाही!

(चाळीस मिनिटं लागतात तर जंतू वीस मिनिटांत दुप्पट कसा होतो, हे तू विचारशीलच. पहिली प्रत पुरी व्हायच्या आत दुसरी सुरू केलेली असते. आईच्या पेशीत नातीच्या डीएनएची तयारी चालू असते.)

हा पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज नावाची एन्झाइमं असतात. पहिलं जेम्स वांगने १९७१ मध्ये शोधलं. सगळ्यात अचाट म्हणजे गायरेज, जे गेलर्ट आणि मंडळींनी १९७६ मध्ये शोधलं. ते दुहेरी डीएनएचे दोन्ही पदर कापतं, कापलेली टोकं स्वतःच्या हातात घट्ट धरून ठेवतं, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पलीकडे काढतं आणि कापलेलं पुन्हा सांधतं. दर वेळी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होतं. यातून पुढे साचणारा पीळ तर निघतोच, पण वर डीएनए थोडा उलट पिळात, म्हणजे सैलसर ठेवला जातो. त्या सैलपणामुळे जनुकं वाचायला पदर सहज उघडतात. म्हणून मी म्हणते की गोलपणाची किंमत जिवाणूने मोजली ती वाया गेली नाही. बांधलेल्या सुतात ताण साठवता येतो आणि तो ताण कामाला लावता येतो. मोकळं टोक असलेल्या सुतात तो निसटून जातो.

प्रत पुरी झाली तरी दोन कडी साखळीच्या दुव्यांसारखी एकमेकींत अडकलेली असतात. ती सोडवायचं काम मुख्यतः टोपोआयसोमरेज चारचं, गायरेजच्या धाकट्या भावाचं.

आता माझ्या टेबलावर ये. सिप्रोफ्लॉक्सासिन, ज्याला रुग्ण 'सिप्रो' म्हणतात आणि जुलाब लागले की न विचारता घेतात, ते गायरेज आणि टोपो चारला नेमकं त्या क्षणी पकडतं, जेव्हा डीएनए कापलेला आहे आणि अजून सांधायचा आहे. एन्झाइम तसंच गोठतं. बिनटोकाच्या दोऱ्याला टोकं येतात, आणि जिवाणूला सगळ्यात जास्त भीती टोकाचीच. आपल्यातही टोपोआयसोमरेज आहेत, पण त्यांची घडण बरीच वेगळी असल्याने औषधाच्या नेहमीच्या प्रमाणात ती सापडत नाहीत.

सकाळी प्लेट उघडते तेव्हा हे डोळ्यांनी दिसतं. म्युलर-हिंटन या अगारवर जंतूची पांढुरकी साय पसरलेली असते आणि त्यावर औषधांच्या चकत्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती काचेसारखं स्वच्छ वर्तुळ. हल्ली लघवीतल्या ई. कोलायमध्ये सिप्रोच्या चकतीपर्यंत साय येऊन टेकलेली अनेकदा दिसते. बहुतेक वेळा कारण गायरेजच्या जनुकातला अक्षरबदल, म्हणजे मोठ्या कड्यावरचा. पण १९९८ मध्ये क्यूएनआर नावाचं जनुक कळलं, ते गायरेजला औषधापासून आडोसा देणारं प्रथिन बनवतं आणि ते असतं छोट्या कड्यावर. ते एकट्याने फार प्रतिकार देत नाही, पण जंतूला तग धरायला वेळ मिळवून देतं. तुझा प्लास्मिडचा प्रश्न इथून सुरू होतो.

प्लास्मिड हे नाव जोशुआ लेडरबर्गने १९५२ मध्ये दिलं. मोठ्या कड्याशिवाय असलेली, स्वतःची प्रत स्वतः काढायला लावणारी लहान कडी. काही हजार बेसजोड्यांपासून काही लाखांपर्यंत. लहान असतील तर एका पेशीत वीस, पन्नास, शेकडो. मोठी असतील तर एक-दोन. एफ प्लास्मिड जवळजवळ एक लाख बेसजोड्यांचं, म्हणून एक-दोनच ठेवतात. मोठं कडं म्हणजे घरची जमीन. प्लास्मिड म्हणजे खिशातली चिल्लर, रोज लागत नाही आणि देता-घेता येते.

'सांभाळतो कशाला' या तुझ्या प्रश्नाची तीन उत्तरं आहेत आणि तिसरं पुस्तकात नीट सांगत नाहीत. पहिलं, औषध असलेल्या जागी प्लास्मिडवाला जगतो. दुसरं, प्लास्मिड पसरतं. एक जिवाणू दुसऱ्याला नळी लावतो, कड्याचा एक पदर कापला जातो, तो उलगडत पलीकडे जातो आणि दोन्हीकडे दुसरा पदर भरून पुन्हा दोन पूर्ण कडी तयार होतात. देणाऱ्याचं काही कमी होत नाही. ई. कोलाय, क्लेब्सिएला, साल्मोनेला ही वेगवेगळ्या घरची मंडळी, पण या व्यवहारात जातगोत कोणी पाहत नाही.

तिसरं उत्तर: कधीकधी जिवाणू प्लास्मिड सांभाळत नाही, प्लास्मिडच जिवाणूला ओलीस ठेवतं. एफ प्लास्मिडवर सीसीडी-बी नावाचं विष आणि सीसीडी-ए नावाचा उतारा, दोन्हींची जनुकं शेजारी असतात. विष टिकाऊ, उतारा लवकर नासणारा. जोवर प्लास्मिड आहे तोवर ताजा उतारा मिळत राहतो. पेशी दुभंगताना एखाद्या मुलीच्या, म्हणजे नव्या पेशीच्या, वाट्याला प्लास्मिड आलं नाही, तर आईकडून आलेला उतारा संपतो, विष उरतं आणि ती मरते. आणि हे विष मारतं कसं? गायरेजला पकडून. माणसाने कारखान्यात बनवलेलं सिप्रो आणि प्लास्मिडचं हे विष दोघांनी एकाच एन्झाइमची मान धरलीय. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती, इतकं ते सुंदर वाटलं होतं.

तरी सगळीच प्लास्मिडं इतकी चिवट नसतात. एकदा मी बऱ्याच औषधांना दाद न देणारा एक वाण शिकवण्यासाठी जपून ठेवला होता, दर महिन्याला साध्या अगारवर नवा करत. वर्षाने मुलांपुढे मोठ्या तोऱ्यात प्लेट उघडली, तर निम्म्या औषधांभोवती स्वच्छ वर्तुळं! औषध नसलेल्या घरात राहून राहून त्याने खिसा रिकामा केला होता. तेव्हापासून असे वाण मी गोठवून ठेवते.

प्लास्मिडच्या या देवाणघेवाणीची जगभरची उदाहरणं तुझ्या पुस्तकात असतील. जपानमध्ये १९५० च्या दशकात हगवणीच्या जंतूत अनेक औषधांचा प्रतिकार एकगठ्ठा एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो हे दिसलं, तिथून सुरुवात झाली. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून जो हट्टी टायफॉइड पसरला, त्यात जंतूने नवं प्लास्मिड उचललं होतं. कोलिस्टिन हे आयसीयूतलं शेवटचं हत्यार. त्याविरुद्धचं एमसीआर-१ जनुक प्लास्मिडवर असल्याचं २०१५ मध्ये चीनमधून कळलं, आणि आपल्याकडे २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांना कोलिस्टिन देण्यावर बंदी आली. डाळिंबाच्या तेल्या या जिवाणूजन्य रोगावर आपल्या भागात वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन हे अँटिबायोटिक फवारलंय. अमेरिकेतल्या काही सफरचंद-नासपतीच्या बागांत स्ट्रेप्टोमायसिन फवारल्यावर तिथल्या रोगजंतूत ज्या जनुकांनी प्रतिकार आणला, ती प्लास्मिडवर सापडली होती. बागेतला जंतू आणि वॉर्डातला जंतू यांची बाजारपेठ पूर्ण वेगळी आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्या रोजच्या कामातला: टीबी. त्याच्या जंतूचं कडं ४४ लाख बेसजोड्यांचं, १९९८ मध्ये पूर्ण वाचलेलं. पण प्लास्मिडच्या बाजारात तो येत नाही. रुग्णांमधल्या टीबीचा औषध-प्रतिकार मोठ्या कड्यावरच्या अक्षरबदलांतून येतो, बाहेरून उसना घेतलेला नसतो. म्हणूनच जीनएक्सपर्ट यंत्र आरपीओबी जनुकातला ८१ बेसजोड्यांचा एवढासा तुकडा तपासून रिफाम्पिसिन चालेल की नाही हे दोन तासांत सांगू शकतं. क्लेब्सिएलाच्या बाबतीत अशी एका जागेची चाचणी करून निभावत नाही.

आणि पटकी, म्हणजे कॉलरा. जुन्या काळी आषाढी वारीच्या मागोमाग पंढरपुरातून पटकीच्या साथी पसरायच्या. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी तो शब्द शिवीसारखा होता. तिच्या जंतूकडे, व्हिब्रिओकडे, एक नव्हे, दोन गोल गुणसूत्रं आहेत, मोठं साधारण ३० लाखांचं आणि धाकटं ११ लाखांच्या आसपास. दोघांचं काम एकाच वेळी संपावं म्हणून मोठ्याची प्रत एका ठराविक जागेपर्यंत पोचली की मगच धाकट्याची सुरू होते. आणि त्याचं विष, ज्याचं अस्तित्व कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं, त्याची जनुकं मुळात एका विषाणूने आणून मोठ्या कड्यात बसवलेली. हे कळायला १९९६ उजाडलं. कड्यात नवं काही ओवणं सोपं असतं; एका जागी कापा, तुकडा घाला, सांधा, पुन्हा कडंच.

आता माणूस. हो, तुझ्यात आहे. केंद्रकात नाही, मायटोकॉन्ड्रियात. १६,५६९ बेसजोड्यांचं कडं, ३७ जनुकं, एका पेशीत शेकडो ते हजारो प्रती, आणि सगळं आईकडून आलेलं. पक्व तांबड्या पेशीत मात्र एकही नाही. मायटोकॉन्ड्रिया हे कधीकाळी गिळलेले आणि घरजावई झालेले जिवाणू. लिन मार्ग्युलिसने १९६७ मध्ये हा विचार नेटाने मांडला तेव्हा लोक हसले होते. गोल डीएनए हा त्यांचा जुना माहेरचा दागिना.

हे केवळ इतिहासापुरतं नाही. जेंटामायसिन, अमिकासिन ही औषधं जिवाणूचा रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्र, बिघडवतात. आपल्या मायटोकॉन्ड्रियाचाही रायबोसोम त्याच घराण्यातला, पण पुरेसा वेगळा झालेला. काही घराण्यांत मात्र या कड्यावरच्या १५५५ व्या जागी ए ऐवजी जी असतं, आणि त्या एका अक्षराने आपला रायबोसोम पुन्हा जिवाणूसारखा दिसू लागतो. अशा माणसाला ही इंजेक्शनं दिली तर थोड्या मात्रेतही कायमचं बहिरेपण येऊ शकतं. म्हणून कुणी सांगितलं की 'मामाला इंजेक्शनानंतर ऐकू येईनासं झालं', तर मी ते डॉक्टरांच्या कानावर घालते. मामा म्हणजे आईकडचा, हे लक्षात घे. काकाला झालं असतं तर हा संशय आला नसता.

वनस्पतींत क्लोरोप्लास्टचाही स्वतःचा डीएनए असतो. तो सोडून मला तुझ्या ताटातल्या भाकरीकडे यायचंय. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, आणि मोहोळच्या केंद्रात निवडलेला तिचा एम ३५-१ हा वाण, आपल्याला शाळूची भाकरी म्हणून माहीत. ज्वारी पैदासकारांना 'मालदांडी' हे नाव आणखी एका कारणाने ठाऊक असतं. ज्वारीच्या फुलात नर-मादी दोन्ही एकत्र आणि फूल इवलंसं, तेव्हा संकरित बी करायला हाताने पराग काढत बसणं अशक्य. त्यासाठी पराग न बनवणारी आई लागते. हे वांझपण मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतून येतं, म्हणून आईकडून पुढे जातं. १९५४ मध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मायलो ज्वारीत ते शोधलं आणि त्याच मायलोवर १९६४ चा आपला पहिला संकरित वाण सीएसएच-१ उभा राहिला. तसं वांझपण देणाऱ्या पेशीद्रवांच्या यादीत ए-४ हा आपल्या मालदांडीचा. मालदांडी स्वतः छान दाणे भरते, कारण तिचं केंद्रक त्या मायटोकॉन्ड्रियाला वेसण घालतं. दुसऱ्या योग्य केंद्रकाशी गाठ पडली की पराग बंद. एक प्रामाणिक टीप: वनस्पतींच्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए नकाशावर गोल निघतो, पण प्रत्यक्षात तो बराचसा सरळ आणि फांद्या फुटलेल्या तुकड्यांत आढळतो. नकाशा गोल म्हणजे वस्तू गोल असं दर वेळी धरू नये.

विषाणूंपैकी दोघांचंच सांगते. हिपॅटायटिस बीचा ३,२०० बेसजोड्यांचा अर्धवट डीएनए यकृताच्या पेशीत गेला की आपलीच दुरुस्तीची एन्झाइमं तो पुरा करून त्याचं घट्ट बंद कडं बनवतात. टेनोफोविरसारखी औषधं नव्या प्रती थांबवतात, पण ते कडं केंद्रकात तसंच बसून राहतं. गोळी वर्षानुवर्षं का चालू ठेवायची, हे रुग्णाला समजावताना मी कागदावर शून्य काढते.

दुसरा एचपीव्ही, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू. सुमारे ८,००० बेसजोड्यांचं कडं. गर्भाशयमुखाच्या पेशीत ते बहुतेक वेळा कडं म्हणूनच राहतं आणि दोनेक वर्षांत शरीर त्याला हुसकावतं. धोका असतो कडं तुटण्यात. ते तुटून आपल्या गुणसूत्रात घुसतं तेव्हा बऱ्याचदा ई-२ या जनुकात तुटतं. ई-२ हा लगाम, आणि तो गेला की ई-६ आणि ई-७ मोकाट सुटतात. एचपीव्हीच्या चाचणीबद्दलचा जगात गाजलेला अभ्यास आपल्या शेजारी झालाय. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या मंडळींनी एक लाख एकतीस हजारांवर बायकांना त्यात घेतलं. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तुझ्या आईचं वय तीसच्या पुढे असणारच, तर चाचणी झालीय का विचार.

कॅन्सरच्या पेशींत गुणसूत्रातून सुटून पडलेली गोल कडीही असतात. सूक्ष्मदर्शकाखाली १९६५ मध्येच ती जोडठिपक्यांसारखी दिसली होती. त्यांना सेंट्रोमिअर, म्हणजे वाटणीच्या वेळी गुणसूत्र धरायची जागा, नसतो, त्यामुळे पेशी दुभंगताना वाटणी समान होत नाही. एकीला चाळीस, दुसरीला चार. त्यांच्यावर कॅन्सर वाढवणारं जनुक असेल तर चाळीसवाली पुढे जाते. प्लास्मिडची चाल आपल्याच पेशी खेळतात.

आता तुझे तीन पट्टे. काहीच चुकलेलं नाही. एम.एस्सी.ला मी हेच 'तीन प्लास्मिडं सापडली' म्हणून वहीत लिहिलं होतं आणि सर चहा सांडेपर्यंत हसले होते. प्लास्मिड एकच, पण तीन अवस्थांत. पिळावर पीळ असलेलं आखडून लहान झालेलं असतं, म्हणून जेलच्या जाळीतून सगळ्यात पुढे पळतं. ज्याचे दोन्ही पदर कुठेतरी कापले गेले ते सरळ होतं आणि मधे राहतं. ज्याचा एकच पदर तुटला त्याचा पीळ सुटतो, ते सैल मोठं कडं होऊन सगळ्यात मागे अडतं.

मात्र वरच्या बाजूला, विहिरीजवळ (नमुना घालतो त्या खाचेजवळ), धुरकट डाग असेल तर तो मोठ्या कड्याचा तुकडा, आणि ती हाताची चूक. सोडियम हायड्रॉक्साइडने सगळ्या डीएनएचे पदर सुटतात. प्लास्मिडचे दोन पदर एकमेकांत अडकलेली कडी असल्याने लांब जाऊच शकत नाहीत. पोटॅशियम अ‍ॅसिटेट घातलं की झटकन पुन्हा जुळतात आणि पाण्यात राहतात. मोठ्या कड्याचा तेवढ्या वेळात गुंताच होतो आणि तो पांढऱ्या गाळाबरोबर खाली बसतो. पण तू नळी व्हॉर्टेक्सवर, म्हणजे जोरात हलवणाऱ्या यंत्रावर, धरलीस तर त्या लांब दोऱ्याचे तुकडे होतात, आणि तुकडे वर प्लास्मिडबरोबर येतात. नळी सहा-आठ वेळा हळू उलटी-सुलटी कर, बस. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये पाच मिनिटांवर ठेवू नकोस. आणि पुढच्या वेळी शेजारच्या विहिरीत तेच प्लास्मिड त्याला एकाच जागी कापणाऱ्या एन्झाइमने कापून घाल. तिथे तीनचा एक पट्टा झाला, तर तुझ्या मधल्या पट्ट्याच्या रांगेत आलाय का ते पट्टी लावून बघ, आणि वहीत तिन्हींची नावं पेन्सिलीने लिही.